तान्ह्या बाळाची शी पांढुरकी? पित्तनलिकेचे जन्मजात आजार: आमचा अनुभव, तुमचेही लिहा

पेणची_सून

गेल्या काही महिन्यांत मला तीन व्यनि (खासगी निरोप) आले, तिन्हींत एकच प्रश्न: "तुमच्या मुलीला नक्की काय झालं होतं?" प्रत्येकीला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा एकदाच धागा काढते. लांबण लागेल, सांभाळून घ्या. विषय बाळाच्या शीचा आहे, त्यामुळे ताटावर बसून वाचू नका.

मुलगी आता सव्वातीन वर्षांची आहे. जन्मली तेव्हा वजन चांगलं, रडली, लगेच प्यायली. तिसऱ्या दिवशी पिवळी झाली. "सगळीच होतात, सकाळचं कोवळं ऊन दाखवा," असं सांगून घरी सोडलं. बाळंतपण माहेरी. आईने रोज सकाळी अंगणात दुपट्यावर निजवून ऊन दिलं. बारसं झालं, तीन आठवडे झाले, पण डोळ्यांतला पिवळेपणा हटेना. आम्ही तीन वेळा दाखवायला नेलं. तिन्ही वेळा छाती तपासली, वजन केलं, "बाळ गुटगुटीत आहे की, आईच्या दुधाची कावीळ असते अशी," म्हणून परत पाठवलं. ते खोटं बोलले असं मी म्हणत नाही. पण तिन्ही वेळा लंगोट कुणी सोडून बघितला नाही, त्याचा राग मला आजही येतो.

लंगोट बघितला असता तर दोन गोष्टी दिसल्या असत्या. एक, शूचा डाग. तान्ह्या बाळाची शू पाण्यासारखी असते, कापडावर डाग पडत नाही. हिच्या लंगोटावर हळद सांडल्यासारखा डाग पडायचा आणि धुतला तरी राहायचा. आई म्हणायची, ऊन लागतंय, अंगात पाणी कमी पडतंय. दुसरी गोष्ट शी. आधी पिवळसर होती, मग फिकट होत गेली. आम्ही बायका म्हणालो, "नुसत्या दुधावर आहे ना, दुधाची शी अशीच असायची." गंमत बघा, हिरवी शी झाली असती तर घरात कल्लोळ झाला असता, गुटी बदलली असती, मला काय काय खाल्लंस म्हणून विचारलं असतं. पांढरी झाली तर कुणाला काही वाटलं नाही.

सव्वा महिना झाल्यावर सासरी पेणला आले. पंचेचाळिसाव्या दिवशी लस दिली. मांडीतून रक्त येत राहिलं, कापूस दाबून धरून दोन तास बसलो. त्याचाही काविळीशी संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सत्तेचाळिसावा दिवस. आमचा गणपतीचा कारखाना आहे, सीझन चालू होता. मी पडवीत बसून लंगोट बदलत होते. सासरे शाडू मळता मळता पाणी प्यायला बाहेर आले, कोपरापर्यंत हात माखलेले. सहज नजर गेली आणि थांबलेच. खाली वाकून त्यांनी आपला हात लंगोटाच्या बाजूला धरला. म्हणाले, "सूनबाई, हा रंग माझ्या हाताला लागलाय तोच आहे. पोटातून असा रंग येतो होय?" चाळीस वर्षं मूर्ती रंगवणारा माणूस. पिवडी किती घातली की पितांबर कसा दिसेल हे डोळे मिटून सांगतात.

त्याच संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. रक्ताचा रिपोर्ट आला: एकूण बिलीरुबिन ११.४, त्यातलं डायरेक्ट ६.८. डॉक्टरांनी ६.८ भोवती पेनने गोल केला, बाळाला व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "सोमवारची वाट बघू नका. उद्या सकाळी मुंबईत पोचा."

आजाराचं नाव बिलिअरी अट्रेसिया. यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळ्याच बंद. उपाशीपोटी सोनोग्राफी केली तेव्हा पित्ताशय दोऱ्यासारखं दिसलं. मग यकृताचा तुकडा तपासला. अठ्ठावन्नाव्या दिवशी टेबलावर घेतलं, पित्ताशयात डाय घालून एक्स-रे काढला, डाय पुढे सरकेना. तिथेच कासाई ऑपरेशन केलं, म्हणजे बंद नळी काढून आतडं थेट यकृताला जोडलं.

ऑपरेशन चांगलं झालं म्हणाले, पण काम झालं की नाही ते शी सांगणार. पहिले चार दिवस नवरा नि मी आळीपाळीने लंगोट उघडून बघत होतो, लॉटरीचं तिकीट बघावं तसे. पाचव्या दिवशी पहाटे हिरवी शी झाली. गर्द, पालकाच्या भाजीसारखी. नवऱ्याने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला (हो, शीचा फोटो). सासऱ्यांचं उत्तर दोन शब्दांचं: "रंग जमला."

बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

गोदाकाठ

ताई, वाचताना घशात आवंढा आला. एक शंका. हे डायरेक्ट-इनडायरेक्ट काय प्रकरण आहे? आमच्या पुतण्याच्या रिपोर्टवर नुसतं 'बिलीरुबिन १२' एवढंच होतं.

टाका_दोरा

मी लहान मुलांचा सर्जन आहे, इथे बहुतेक वेळा पाककृती वाचायला येतो. पण या धाग्यावर लिहायलाच हवं.

तांबड्या पेशी मोडतात तेव्हा बिलीरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं. ते कच्चं, म्हणजे इनडायरेक्ट. यकृत त्यावर प्रक्रिया करून ते पाण्यात विरघळणारं करतं, ते डायरेक्ट. मग ते पित्तातून आतड्यात जातं. शीला जो रंग येतो तो त्याच्यापासून. नवजात बाळाचं यकृत नवखं असतं, कच्चा माल साचतो, म्हणून निम्म्याहून जास्त बाळं पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात. ही कावीळ आपोआप जाते. जास्त असेल तर निळ्या प्रकाशाखाली ठेवतात.

डायरेक्ट वाढलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे कारखान्यात माल तयार होतोय पण बाहेर जायचा रस्ता बंद आहे. रक्तात साचलेलं डायरेक्ट द्रव्य मूत्रपिंडातून गळतं, म्हणून शू पिवळी. आतड्यात पोचत नाही, म्हणून शी शाडूसारखी. आणि पित्ताशिवाय व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, म्हणून लसीच्या जागेतून रक्त थांबत नाही. ताईंच्या बाळात ही सगळी चिन्हं एका रांगेत उभी होती. काही बाळांत याच कारणाने मेंदूत रक्तस्राव होतो आणि मगच आजार कळतो. ते फार वाईट.

डायरेक्ट काविळीला ऊन दाखवून काही होत नाही. प्रकाशाचं काम कच्च्या मालावर चालतं. अशा बाळाला फोटोथेरपी दिली तर कातडी ब्राँझच्या भांड्यासारखी तपकिरी होऊ शकते.

तेव्हा गोदाकाठ, नियम सोपा. पूर्ण दिवसांचं बाळ १४ दिवसांनंतरही पिवळं असेल (आधी जन्मलेलं असेल तर २१), तर बिलीरुबिनचे दोन्ही भाग वेगळे करून तपासायचे. डायरेक्ट १ च्या वर गेलं की थांबायचं नाही. नुसतं 'एकूण १२' या आकड्यावरून काहीच कळत नाही.

जुनाजाणता

धागा चांगला आहे पण अशाने नव्या आयांच्या मनात भीती बसते. आमच्या तिन्ही मुलांना कावीळ झाली होती, ऊन दाखवलं, बरी झाली. आता प्रत्येक बाळाची शी घेऊन लॅबमध्ये पळायचं का? काविळीची माळही घालतात आमच्याकडे, गुण येतो. हसू नका.

पेणची_सून

काका, हसत नाही. माळ माझ्या आईनेही घातली होती, आमच्या मुलीच्या डोक्यावर. दिवसादिवसाला लांब होत होती, आई खूश. मुलगी तशीच पिवळी. नंतर नवऱ्याने ती माळ निरखून बघितली. झाडाच्या ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासात अडकवलेले असतात. काड्या वाळून बारीक झाल्या की फास सैल पडतो नि माळ वाढते. खुंटीवर टांगली असती तरी वाढलीच असती. तुमच्या मुलांची कावीळ जाणारीच होती, म्हणून माळेला गुण आला. आमचे त्या माळेत नऊ दिवस गेले.

टाका_दोरा

नऊ दिवस कमी नाहीत. बंद नळ्यांमागे पित्त साचून यकृतात रोज थोडा व्रण पडत जातो. ऑपरेशन साधारण ६० दिवसांच्या आत झालं तर पित्त वाहायला लागण्याची शक्यता जास्त, पुढे ती उतरत जाते. ९० दिवसांनंतर आलेली बाळं आमच्याकडे अजूनही येतात, आणि त्यांच्या आईवडिलांच्या पिशवीत सगळे कागद असतात, फक्त डायरेक्ट बिलीरुबिनचा नसतो. ऑपरेशनच झालं नाही तर बहुतेक मुलं दोन वर्षांच्या आतबाहेर दगावतात.

जुनाजाणता काका, शी लॅबमध्ये न्यायची नाही. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात डोळ्यांनी बघायची. फुकट आहे.

शिंचूतला_सोलापूरकर

मी तैवानमध्ये शिंचू शहरात नोकरीला आहे, मुलगा इथेच झाला. दवाखान्यातून निघताना बाळाची आरोग्यपुस्तिका दिली, त्यात शीच्या रंगांचे चक्क छापील फोटो! फिकट पांढऱ्यापासून सुरुवात, शेवटी पिवळा, हिरवा. नर्सने चिनीत बरंच समजावलं, मला कळलं ते एवढंच की बोट ठेवून रोज जुळवायचं आणि फिकट रंगाशी जुळलं तर फोन करायचा. बायको म्हणाली हे काय भलतंच. मी सोलापुरी चादरीच्या दुकानात वाढलो, शेड कार्ड माझ्या ओळखीचं!

नंतर शोधलं तेव्हा कळलं की हा आजार इथे जास्त आहे, पाच-सहा हजार जन्मांमागे एक. युरोपात पंधरा ते वीस हजारांत एक. कार्डाची मूळ कल्पना जपानची. तैवानने २००२ साली काही ठिकाणी सुरू केलं आणि २००४ पासून देशभर प्रत्येक बाळाला. त्यानंतर ६० दिवसांच्या आत ऑपरेशन होणाऱ्या बाळांचं प्रमाण चांगलंच वाढलं. खर्च काय, तर पुस्तिकेत एक रंगीत पान.

जव्हारची_आशा

मी आशा सेविका. आम्ही पहिल्या सव्वा महिन्यात बाळाच्या घरी सहा वेळा जातो: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. म्हणजे १४ ते ४२ दिवसांत चार भेटी. या आजारासाठी नेमकी हीच वेळ. वरचं वाचून मला हेच जाणवलं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आमच्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात ठरावीक नऊ जन्मजात दोष तपासतात: दुभंगलेला ओठ, वाकडे पाय, हृदयाचा दोष, मोतीबिंदू वगैरे. पित्तनलिका त्या नऊमध्ये नाही. बाहेरून दिसत नाही ना. ओठ सगळ्यांना दिसतो.

उद्यापासून मी लंगोट दाखवा म्हणणार. आमच्याकडे शाडू म्हटलं तर नाही कळणार, भिंतीला लावायची पांढरी माती म्हणेन. वारली चित्राच्या पांढऱ्या रंगासारखं दिसलं तर मला फोन करा.

पेणची_सून

ताई, तुम्हाला दंडवत. हे वाक्य कार्डावर छापायला हवं.

चिवचिवाट

मी या नात्यातली दुसरी बहीण. माझं नाव कोलेडोकल सिस्ट. नळी बंद नव्हती, उलट फुग्यासारखी फुगलेली.

सातवीत होते. पोटात वरच्या बाजूला उजवीकडे कळ यायची, उलट्या व्हायच्या, दोन दिवसांत बरं वाटायचं. जंताचं औषध किती वेळा घेतलं मोजदाद नाही. "शाळा बुडवायची नाटकं" हेही ऐकलं. एकदा कळ आली तेव्हा डोळे पिवळे झाले, तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली. मग एमआरसीपी, म्हणजे यंत्रात घालून पित्तनलिकांचे फोटो. मुख्य नळी चांगली चार सेंटिमीटर रुंद झालेली. फुगलेला भाग पूर्ण काढला, आतड्याचा लूप वर आणून यकृताच्या नळीला जोडला. आता मी २९ वर्षांची आहे. वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि रक्त, बाकी मिसळ-भजी सगळं चालतं.

ऑपरेशनपेक्षा जास्त त्रास झाला तो आजीच्या एका वाक्याचा. "पोरीच्या पोटात गाठ निघाली हे बाहेर बोलू नका, लग्न जमायचं नाही." दहा वर्षं आम्ही अपेंडिक्स म्हणून सांगत होतो! मी लग्नाच्या पहिल्याच भेटीत मुलाला व्रण कशाचा ते सांगितलं. त्याने विचारलं, "मिसळ चालते ना?" झालं.

डॉक्टर, एक विचारायचं आहे. माझ्या एका नात्यातल्या काकूंचं असंच ऑपरेशन १९७०च्या दशकात झालं होतं, पण त्यांची गाठ काढली नव्हती, नुसती आतड्याला जोडली होती म्हणे. त्यांना काही धोका?

टाका_दोरा

आहे, आणि त्यांना लवकर दाखवा. पूर्वी फुगा तसाच ठेवून त्याला आतड्यात वाट करून द्यायचे. ऑपरेशन सोपं, आणि रोगी बरा व्हायचा. पण आतल्या अस्तराला जळजळ होत राहते आणि तिथे पुढे कर्करोग होऊ शकतो हे वर्षांनी कळलं. म्हणून आता फुगा पूर्ण काढतात. काकूंनी पोटाच्या, शक्यतो यकृत-पित्तनलिकेची कामं नेहमी करणाऱ्या सर्जनला जुने कागद घेऊन भेटावं. दुखत नसलं तरी.

हा फुगा होतो कसा, यावर बॅबिट नावाच्या डॉक्टरांनी १९६९ मध्ये एक कल्पना मांडली, ती आजही बऱ्यापैकी टिकून आहे. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्याच्या भिंतीत, दाराशी एकत्र येतात. तिथे झडपेसारखा स्नायू असतो. काहींमध्ये जन्मतःच त्या बऱ्याच आधी मिळतात आणि पुढे लांब सामाईक नळी होते. झडप राहिली लांब. मग स्वादुपिंडाचा रस उलटा पित्तनळीत चढतो आणि तिची भिंत खराब करतो. चिवचिवाटच्या पोटातल्या कळा याच्याच असणार. मुलींमध्ये हे मुलग्यांच्या तीन-चार पट दिसतं, आणि पूर्व आशियात जास्त. पुस्तकात 'दुखणं, कावीळ आणि हाताला लागणारी गाठ' ही तिकडी लिहिलेली असते, पण तिन्ही एकत्र असलेलं मूल फार थोड्या वेळा भेटतं.

प्रकार पाच आहेत, तोदानी या जपानी सर्जनच्या १९७७ च्या वर्गवारीप्रमाणे. सगळे इथे लिहीत नाही, परीक्षा नाही कुणाची. पहिला सगळ्यात जास्त आढळतो, तो चिवचिवाटचा असावा. पाचवा यकृताच्या आतल्या नळ्यांचा, त्याला कारोली आजार म्हणतात, आणि त्याचं प्रकरण वेगळंच आहे.

गोदाकाठ

अवांतर: कासाई हे माणसाचं नाव का?

टाका_दोरा

अवांतर नाही, माझा आवडता विषय. मोरिओ कासाई, जपानच्या सेंदाई शहरातल्या तोहोकू विद्यापीठाचे सर्जन. त्या काळी बहुतेक अट्रेसिया 'न दुरुस्त होणारा' म्हणून पोट उघडून परत शिवायचे. १९५५ मध्ये ७२ दिवसांच्या एका बाळाचं पोट त्यांनी उघडलं. जोडायला नळीच नव्हती. यकृताच्या दाराशी खरवडताना रक्त येऊ लागलं आणि ते थांबवायला त्यांनी आतडं त्या जागेवर टेकवून शिवलं, असं सांगितलं जातं. नंतर त्या बाळाच्या शीला रंग आला! यकृताच्या दाराशी डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नळ्या अजून उघड्या होत्या. आज आम्ही तेच करतो: वाळून दोरी झालेली नळी मुळापासून काढायची आणि लहान आतड्याचा लूप थेट त्या जागेला शिवायचा. कासाईंनी १९५९ मध्ये जपानी भाषेत लिहिलं. इंग्रजीत त्यांचा लेख आला १९६८ मध्ये. तोवर आणि त्यानंतरही बरीच वर्षं पाश्चात्त्य सर्जनांना हे खरं वाटत नव्हतं.

आता कडू भाग. कासाईने आजार मुळातून बरा होत नाही. चांगल्या हातात, वेळेवर केलं तर निम्म्याच्या आसपास मुलांची कावीळ उतरते. त्यातल्याही बऱ्याच जणांना पुढे कधीतरी यकृत बदलावं लागतं. लहान मुलांच्या यकृत प्रत्यारोपणाचं जगभरातलं सगळ्यात मोठं कारण हाच आजार.

निवडुंग

प्रत्यारोपण म्हटलं की पोटात गोळा येतो. आपल्याकडे एवढ्या लहान मुलांत होतं का हे?

टाका_दोरा

होतं, आणि भारतातलं लहान मुलाचं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण याच आजारासाठी झालं. १९९८, दिल्ली. तमिळनाडूतून आलेला वीस महिन्यांचा मुलगा, वडिलांच्या यकृताचा तुकडा. कासाईने गुण आला नव्हता. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला.

आईवडिलांपैकी एकाच्या यकृताचा डावीकडचा छोटा भाग पुरतो. देणाऱ्याचं यकृत काही महिन्यांत भरून येतं. कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबाही जवळच्या नातेवाइकांत धरले जातात.

अनघड_आई

पहिल्यांदाच लिहितेय. बाळ ३६ दिवसांचं, मुलगा, नुसतं माझं दूध. अजून पिवळा आहे. आत्ता धागा वाचून लंगोट बघितला, शी मला फिकट वाटतेय. रात्रीचे पावणेबारा झालेत, नवरा नाइट शिफ्टला. सासूबाई म्हणतात काही नाही. मी थरथरतेय. फोटो टाकू का?

पेणची_सून

अगं, आधी पाणी पी. शूचा डाग पडतोय का पांढऱ्या कापडावर?

अनघड_आई

नाही बहुतेक. पाण्यासारखीच वाटते.

टाका_दोरा

ताई, फोटो नको. ट्यूबलाइटखाली सगळंच फिकट दिसतं आणि फोन रंग आपल्या मनाने बदलतो. बाळ पितंय, ताप नाही, कुठून रक्त येत नाही, झोपेतून उठवलं तर नीट जागं होतंय? तर आत्ता झोपा. उद्या सकाळी बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि स्पष्ट म्हणा, "बिलीरुबिन, डायरेक्ट आणि इनडायरेक्ट वेगळं." शीचा लंगोट पिशवीत बांधून सोबत न्या. ३६ व्या दिवशी पिवळा आहे म्हणजे शीचा रंग कसाही असो, तपासणी व्हायलाच हवी.

जुनाजाणता

पोरी, घाबरू नकोस. सासूबाईंना मात्र बरोबर घेऊन जा, डॉक्टरच्या तोंडून ऐकलेलं बरं. (मी सासरा आहे, अनुभवाने सांगतो.)

गोदाकाठ

अनघड_आई, काय झालं? सकाळपासून तीनदा धागा उघडून बघितला.

अनघड_आई

रिपोर्ट आत्ता आला. एकूण ९.२, डायरेक्ट ०.५. डॉक्टरांनी लंगोट उघडून खिडकीपाशी नेऊन बघितला आणि म्हणाले, ही मोहरीच्या रंगाची आहे, मस्त आहे. आईच्या दुधाची कावीळ, दूध बंद करायचं नाही. थायरॉईडची तपासणीही पाठवलीय. सगळ्यांना खूप खूप थँक्यू. रात्री मी फार वेड्यासारखं लिहिलं.

जुनाजाणता

बघा! म्हटलं नव्हतं?

टाका_दोरा

म्हटलं होतं काका. बहुतेक वेळा तुमचंच खरं ठरतं, म्हणून तर पंचाईत. ०.५ आहे हे सुई टोचल्यावर कळलं, ऊन दाखवून कळलं नसतं. पेणच्या बाळालाही तिघांनी हेच निदान सांगितलं होतं. थायरॉईड मागवलं ते उत्तम, लांबलेल्या काविळीचं तेही एक कारण असतं.

जुनाजाणता

हे मान्य. सूनबाईंना सात महिने आहेत. लंगोट बघायला मला कोणी बोलावणार नाही, पण मुलाला धागा पाठवलाय.

निवडुंग

पेणची_सून, आता मुलगी कशी आहे? खाण्यापिण्याचं काय?

पेणची_सून

बरी आहे. बिलीरुबिन नॉर्मल, पाणथरी थोडी वाढलेली, म्हणून पोटावर आपटू नये एवढं बघतो. पहिल्या वर्षात दोनदा ताप आला आणि शी पुन्हा फिकटली: पित्तनलिकेत इन्फेक्शन. आतड्यातले जंतू वर चढतात, कासाई झालेल्या मुलांत हे नेहमीचं. दोन्ही वेळा अॅडमिट, शिरेतून अँटिबायोटिक. आमच्या घरात नियम आहे, हिला १०० च्या वर ताप आला की घरगुती काही नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. सर्दीचा ताप निघाला तर निघू दे.

अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं वेगळी द्यावी लागतात, पित्त पातळ ठेवायचं औषध आहे. साधं तूप-तेल पचवायला पित्त लागतं, म्हणून डॉक्टरांनी वरणभातावर खोबरेल घालायला सांगितलं, त्यातली काही स्निग्धता पित्ताशिवाय शोषली जाते. आम्ही रायगडकर, आम्हाला खोबरेलाचं काय! जाऊबाई मात्र पुण्याच्या, त्यांनी भातावर खोबरेल बघून तोंड केलं होतं.

पैशाचं विचारलंय एकीने व्यनित. सरकारी योजनेचं आमचं आरोग्यमित्राच्या खिडकीवर झालं. अॅडमिट होताना पहिल्याच तासात रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे उभं राहा, नंतर कागद काढायला फार फिरवतात. प्रत्यारोपणाचं आम्ही अजून विचारात घेतलेलं नाही, पण नवऱ्याने स्वतःचा रक्तगट तपासून ठेवलाय. बोलला नाही, मला पाकिटात रिपोर्ट सापडला.

आता माझाच प्रश्न. परवा सोनोग्राफी आहे, चार तास उपाशी ठेवायचं. तान्ही होती तेव्हा जमलं, आता बोलते, फ्रीज उघडते, शेजारी जाऊन बिस्कीट मागते. कुणाकडे काही युक्ती?

चिवचिवाट

सकाळची पहिली वेळ घ्या, झोपेतून उचलून थेट रिक्षात. रात्री उशिरा जेवू घाला. आणि रांगेत तिच्यासमोर कुणी चहा-बिस्कीट खाणार नाही हे आधी नवऱ्याला सांगा. माझे बाबा माझ्यासमोर वडापाव खात बसले होते, अजून माफ केलेलं नाही.

जव्हारची_आशा

हातात काहीतरी द्या, हात गुंतला की तोंड मागत नाही.

पेणची_सून

सासऱ्यांना विचारलं. म्हणाले, शाडूचा गोळा देतो, उंदीर करत बसेल. फक्त तो गोळा तोंडात घालणार नाही याची जबाबदारी कुणी घेत नाहीये.